परत मागितलेला शब्द

सुमित्राबाईंनी न नेसलेली साडी पुन्हा तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वरची सुरकुती तळहाताने सारखी केली आणि पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिल्या.

गोटीराम आतून आले. बायकोच्या मांडीवर काय आहे ते पाहून तेही शेजारी टेकले.

उद्या महापालिकेचं मतदान होतं. गोटीरामांचा पुतण्या रूपेश कोपरखैरणे गावातून उभा होता. आठवड्यापूर्वी त्याने आळीतल्या सगळ्या बायकांना गावदेवीच्या देवळात बोलावलं होतं. प्रत्येकीने देवीपुढच्या नारळावर हात ठेवला, मत रूपेशला म्हणून शब्द दिला आणि साडी घेतली. कुणावर जबरदस्ती नव्हती. घरचाच मुलगा, आणि तो देवीला नवा सभामंडप बांधून देणार होता.

मग काल नमिता येऊन गेली. ती शाळेत शिकवायची, सेक्टरमधल्या बिल्डिंगमध्ये राहायची आणि रूपेशच्या विरोधात उभी होती. पाणी पिऊन तिने विचारलं, मंडप आणि त्याचं पार्किंग कुठे होणार, माहीत आहे ना? देवळामागचं तळं बुजवून. पावसात सगळ्या आळीचं पाणी त्या तळ्यात उतरतं. गोटीरामांनी चौकशी केली, तर गोष्ट खरी निघाली.

"मना त्या बाईला मत द्यावंसं वाटतंय," सुमित्राबाई म्हणाल्या.

"मग दे. मशीनला आडोसा असतो. कोन बघतंय तिथं?"

सुमित्राबाईंनी देवळाच्या दिशेने बोट केलं. रोज सकाळी देवीपुढे दिवा लावणाऱ्या गोटीरामांनी मान खाली घातली.

"बोलून गेलो," ते म्हणाले.

"देवीकडं शब्द परत मागू काय?"

गोटीरामांनी पायाच्या अंगठ्याने फरशी घासली.

"देवीनं कुठं मागितलेला? रूपेशनं मागितला. त्याच्याकडंच जायला पायजे." त्यांनी खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली. "चल, मी येतो."

प्रचार संपला होता. रूपेशच्या कार्यालयाबाहेर पोरं खुर्च्या टेम्पोत चढवत होती. आत रूपेश एकटाच फोनवर होता. काकीला पाहून त्याने फोन ठेवला आणि उठून उभा राहिला. सुमित्राबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली.

"मना माजा शब्द परत दे."

रूपेशने आधी काकांकडे पाहिलं. ते दारातच थांबले होते.

"तू माझ्या विरोधात मत देणार, काकी?"

"ते उद्या ठरवीन. पन ठरवायला हात मोकला पायजे ना? नारलाला बांधलेल्या हातानं मत दिलं, तर ते माजं का तुजं?"

"बाहेर कळलं तर सगळ्या येतील. टेन्शन होईल मला."

"मी कोनाला सांगत नाय."

रूपेशने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. लहानपणी त्याला गोवर निघाला, तेव्हा ताप उतरेपर्यंत तो या बाईच्या कुशीतून हलला नव्हता. त्याने साडीला हात लावला नाही. चपला काढल्या आणि भिंतीवरच्या देवीच्या फोटोपुढे जाऊन उभा राहिला.

"आई, काकीने मला दिलेल्या शब्दातून मी तिला मोकळं केलं," तो हळू आवाजात म्हणाला.

सुमित्राबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जेवलास काय?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"घरी चल. भाकरी हाय, कालवन हाय."

"नको काकी. लोक यायचेत अजून."

सकाळी मतदानासाठी शाळेबाहेर बायकांची रांग लागली होती. बऱ्याच जणी तीच साडी नेसून आल्या होत्या. सुमित्राबाई रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा पुढे त्यांची जाऊ, रूपेशची आई जयमाला होती. तिच्याही अंगावर तीच साडी होती. दोघी गुडघ्यांबद्दल बोलल्या, उन्हाबद्दल बोलल्या. रांग सरकत सरकत शाळेच्या पायऱ्यांपर्यंत आली. तिथे जयमालाने मागे वळून पाहिलं.

"काल संध्याकाळी तू रूपेशकडं गेलेलीस," ती म्हणाली.

सुमित्राबाईंनी मान हलवली.

जयमालाने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"कसं मागितलंस त्याच्याकडं?" तिने अगदी हळू विचारलं.



"साधंच. परत दे म्हटलं."

"रागावला?"

"नाय."

दूर, मतदान केंद्राच्या हद्दीच्या चुन्याच्या रेघेपलीकडे, रूपेश येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात जोडत उभा होता. जयमाला त्याच्याकडे पाहत राहिली. मग ती रांगेतून बाहेर पडली आणि गुडघा सांभाळत, सावकाश, त्याच्या दिशेने चालू लागली.

मागची बाई पुढे सरकली. सुमित्राबाईंनी हात आडवा धरला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "इथं जयमालाचा नंबर हाय."