चाकाची चिठ्ठी आणि पेरूची चिठ्ठी

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. बिस्किटं कधीच संपली, झाकणावरचा गुलाबही पुसट झाला. पण मित्रांनो, मला कमी समजू नका. चोपड्याजवळच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीची एकोणीस घरं मी बारा वर्षं पोटात सांभाळली आहेत.

पाळकांच्या पत्नी सुवार्ताबाई यांनी मला भुसावळच्या बाजारातून आणलं. वाचता येणारी माणसं थोडी, म्हणून त्यांनी प्रत्येक घराच्या नावाची एक चिठ्ठी केली, तिच्यावर एक चित्र काढलं आणि ती माझ्यात टाकली. गाडीवान तोतारामचं चाक. कौतिकबाईच्या दारात पेरू, म्हणून तिचा पेरू. रविवारी उपासनेनंतर प्रत्येक घराने एक चिठ्ठी उचलायची आणि आठवडाभर त्या घरासाठी प्रार्थना करायची. मात्र आधी त्या घरी जाऊन विचारायचं, "तुमच्यासाठी काय मागू?" विचारल्याशिवाय चिठ्ठी परत टाकायची नाही, हा नियम.

सुरुवातीला लोक लाजले. मग कोणी सुनेच्या बाळंतपणासाठी मागायला सांगे, कोणी हरवलेल्या शेळीसाठी. सगळे माझं कौतुक करत आणि मीही जरा फुगलो होतो.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र बिनसलं. सामाईक विहिरीवर कौतिकबाईची पाण्याची पाळी तिच्या दिरानं, म्हणजे तोतारामनं, चोरून घेतली. विधवा बाईची केळी उभी वाळली. दोघांचं बोलणं तुटलं.

पुढच्या वर्षी माझ्यात एक चिठ्ठी कमी भरू लागली. पेरूची चिठ्ठी कोणीतरी नेली होती आणि परत टाकतच नव्हतं. मला मोजता येतं, पण बोलता येत नाही. मनातल्या मनात मी त्या माणसाला आळशी म्हणत राहिलो.

एका रविवारी प्रार्थनाघराची झाडलोट आटोपून कौतिकबाईनं नेहमीप्रमाणे शेवटी हात घातला. आत एकच चिठ्ठी होती. चाकाची. तिनं ती विंचू चावल्यासारखी परत माझ्यात टाकली.

सुवार्ताबाई हळूच म्हणाल्या, "कौतिकबाई, मंगळवारी त्याचं धुळ्याला पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर खात्री देत नाहीत."

"त्याना चिठ्ठीले मी हात लावाव नही," एवढं बोलून ती गेली.

सोमवारी सकाळी ती परत आली. बोललेला शब्द मोडायचा नव्हता, म्हणून चिठ्ठीला हात न लावता तिनं सगळा डबाच उचलून पदराखाली घेतला. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

तोताराम खाटेवर बसला होता. शेजारी धुळ्याच्या गाडीसाठी बांधलेलं गाठोडं होतं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "भाऊ, तुमनाकरता काय मांगू?"

त्यानं सदऱ्याच्या खिशातून एक घामानं मऊ झालेला कागद काढला. त्यावर पेरू होता.

"तीन महिना व्हई ग्यात, भाबी. तुमना दारमा येवानी हिंमत नही व्हयनी. तुम्ही येवाले जोयजे, इतलंच मांगी ऱ्हायंतू."

ज्याला मी आळशी म्हणत होतो तो हाच, आणि तीन महिने तो तिच्या येण्याचीच प्रार्थना करत होता. मला माझीच लाज वाटली.

कौतिकबाई उंबरा ओलांडून आत आली. "ते त व्हई गयं. आते आपरेशननं सांगा."

"तुमनं पानी मी चोरेल व्हतं. पहिले ते माफ करा, मंग बाकीनं बठ्ठं मांगा."

तिनं होकारार्थी मान हलवली. माझं झाकण उघडलं आणि पेरूची चिठ्ठी स्वतःच्या हातानं आत टाकली. मग चाकाची चिठ्ठी उचलून पदराच्या गाठीत बांधली.

तोताराम वीस दिवसांनी चालत घरी आला. पण मित्रांनो, तो आला नसता तरी कौतिकबाईचा तो सोमवार वाया गेला नसता, असं मला वाटतं.

आता मंडळीत भोंगा आला आहे. त्यावरून सर्वांसाठी एकदम प्रार्थना होते. तीही चांगलीच आहे. पण भोंग्याला कोणाचा उंबरा ओलांडावा लागत नाही. तुम्ही कोणासाठी प्रार्थना करणार असाल, तर आधी त्याच्या दारात जाऊन विचारा. ज्याच्या दारात जाणं जड वाटतं, तिथे आधी जा.

माझ्यात सध्या खिळे ठेवतात. ते काढून पुन्हा चिठ्ठ्या ठेवायला फार वेळ लागणार नाही.