दिवा पूर्ण गोल दिसला

ऑफिसात तिला सगळे आरसेबाई म्हणत. गटाराची लाईन सरळ आहे का, हे बघायची सरकारी रीत साधी: एका मॅनहोलमध्ये दिवा सोडायचा, पुढच्यात आरसा धरायचा. दिवा पूर्ण गोल दिसला तर लाईन पास. तिचा आरसा बाबांचा होता. तेही हेच काम करून रिटायर झालेले, आणि तो कसा धरायचा हे त्यांनीच तिला शिकवलेलं.

त्या गल्लीत आरशात नखाएवढा उजेड दिसला. वर्षानुवर्षं घरोघरी घाण उलटी येत होती आणि खापर फुटलं होतं सफाईच्या मुकादमावर. लाईन नीट साफ करत नाही म्हणून बिचारा तीन महिने निलंबित. तिनं रस्ता खणायला लावला. पाईप मधल्या भागात उलट्या उताराला टाकलेला, आणि सांध्यांचं सिमेंट कुठेही तडकलेलं नाही. म्हणजे नंतर खचलेला नव्हे, मुळातच चुकलेला.

"बघा बाई," मुकादम खड्ड्याच्या काठावरून म्हणाला, "मी काय उगाच बोंबलत होतो?"

तिनं त्या लाईनच्या पहिल्या चाचणीची जुनी फाईल काढली. 'सकाळी दहा. दिवा पूर्ण गोल दिसला.' खाली बाबांची सही. तारीख तिच्या जन्माची, सालासकट.

साहेब म्हणाले, "तुझ्या वडिलांची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लाईन तेव्हा सरळच असणार. मुकादमावर लिही नि मोकळी हो."

दर वाढदिवसाला बाबा एकच गोष्ट सांगत. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत दवाखान्याच्या दारातून हललो नाही, चहाचा घोटसुद्धा घेतला नाही. दहाला ऑपरेशनच्या कागदावर सही केली तर हात असा लटपटत होता! आई गेल्यावरही त्यांनी ती सांगायची सोडली नाही. तिला ती गोष्ट फार आवडायची.

घरी बाबा शेंगा सोलत बसले होते. तिनं चाचणीच्या कागदाची झेरॉक्स पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"ठेकेदाराचा माणूस दवाखान्यातच आला होता कागद घेऊन. त्या दिवशी कुणी काहीही पुढे केलं असतं तरी मी सही केली असती."

"नंतर जाऊन बघितलंत?"

"तू झाली होतीस ना गं."

तिला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काही म्हणजे काही आलं नाही. ती समोर बसली आणि शेंगा सोलायला लागली.

"मुकादमाच्या घरी किती माणसं?" बाबांनी विचारलं.

"पाच."

ते उठले. आईच्या कपाटातून एक पिवळा पडलेला कागद आणून त्यांनी शेंगांच्या शेजारी ठेवला. ऑपरेशनचं संमतीपत्र. तारीख तीच, सही तीच, वेळ दहा.

"हा जोड," ते म्हणाले. "तुझ्या नुसत्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार?"

दुसऱ्या दिवशी तिनं अहवाल लिहिला. मुकादमाचा दोष नाही. चाचणी झालीच नव्हती. 'त्या वेळी निरीक्षक कुठे होते' या रकान्यात लिहिलं: माझ्या जन्माच्या वेळी, दवाखान्यात. संमतीपत्र सोबत जोडलं आणि खाली सही केली. तिचा हात जरासुद्धा लटपटला नाही.