गरुड अंडं घालीपर्यंत

विट्याजवळच्या आमच्या गावात लालासाहेबानं बंगला बांधला आणि गच्चीच्या कठड्यावर सिमेंटचा गरुड बसवला. सोनं गाळायच्या धंद्यात पार मदुरैपर्यंत दुकानं टाकलेला गडी, तो काय कबूतर बसवणार? पंख तर असले, की सावलीला पाच म्हशी आरामात रवंथ करायच्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

त्याच सावलीत शेजारच्या लीलाबाईचं घरही सापडलं. एकटी बाई. घरावर सोलरची पॅनेलं टाकून तिनं शेवयांचं मशीन चालवलं होतं. शेवया सकाळीच पाडाव्या लागतात, तरच दिवसभराच्या उन्हात बाजेवर खडखडीत वाळतात. आणि गरुडाची सावली यायची ती नेमकी सकाळी. पडायची एकाच पॅनेलवर, पण मशीन दमेकऱ्यासारखं धापा टाकायचं. बायका पिठाचे डबे घेऊन परगावी जायला लागल्या.

फिटर वर चढून बघून आला. "काकी, समदी पॅनेलं एका माळंत हायती. एक बैल बसला की गाडी थांबती, तसं झालंय. एकतर पॅनेलं हलवा, न्हाईतर गरुड."

लीलाबाई आधी गरुडाकडंच गेली.

"लालासाहेब, तेवढा डावा पंख आवरा की."

"माझी गच्ची हाय, काकी. गरुड बसवीन, न्हाईतर विमान उतरवीन. मशीन बंद करा आता. ह्या वयात कशाला राबताय?"

"करते की बंद. तुमच्या गरुडानं अंडं घातलं की त्याच दिवशी!"

तिथनं ती तडक माझ्या दारात.

"भावजी, तुमची बैलगाडी पडूनच हाय न्हवं?"

"हाय. पर बैल कुठायत?"

"बैल कशाला? आमी बायका हाय की."

दुसऱ्या सकाळी सगळी पॅनेलं गाडीवर चढली. गल्लीत त्या वेळेला चांगलं ऊन एकाच जागी, लालासाहेबाच्या फाटकासमोर. बायकांनी गाडी तिथंच रेटली, लांब वायर ओढली, आणि मशीन असं उधळलं की शेवया उडून म्हसवडच्या एसटीच्या टपावर वाळत पडल्या. कंडक्टरनं त्यांचं तिकीट मागितलं म्हणतात.

आतून लालासाहेबाच्या मोटारीचा हॉर्न.

"काकी, गाडी काढा! मला शिरवळला जायचंय."

"घरावरची सावली सरकली की काढते."

"आवं, तवर दुपार हुईल!"

"माझी रोजच हुती."

"मी तक्रार करीन!"

"करा. चौकशीला येतील त्यांना शेवयांची खीर घालीन."

रोज सकाळी तेच. लालासाहेब ओरडून दमला, मग पायी स्टँडवर जायला लागला. शेवटी त्यानं गवंडी बोलावला आणि पंख तोडून अंगालगत बसवून घेतले. पॅनेलं परत घरावर गेली. पहिल्या घाण्याच्या शेवया लीलाबाईनं लालासाहेबाकडंच धाडल्या.

पंख मिटलेला गरुड आता थेट खुडूक कोंबडी दिसतो. परवा तर त्याच्या पायाखाली मी डोळ्यांनी अंडं बघितलं. पांढरंशुभ्र, भोपळ्याएवढं. पळतच जाऊन लीलाबाईला म्हटलं, "अंडं घातलं! आता मशीन बंद?"

पिठाचा हात न थांबवता ती म्हणाली, "आधी उबवू द्या की, भावजी."