तेविसावे छायाचित्र

शेवटचा ट्रे भट्टीत सरकवून तिने झाकण लावले, हात पुसले आणि गेले आठ दिवस पिठाच्या डब्यासमोर घोकलेले वाक्य एकदाचे उच्चारले.

"यंदाचा केक मी करणार नाही."

काउंटरपलीकडे उभी असलेली भावजय चमकली. "अगंबाई, बरं नाही का ताई?"

"बरी आहे. या वेळी नुसती येईन म्हणते. पाहुण्यांसारखी."

"तुम्ही कसल्या पाहुण्या, घरच्याच की. पन्नाशी तुमच्या भावाची, आणि केक परक्या दुकानातून आणायचा?"

"घरच्या माणसाला बसायला कुठं मिळतं गं."

भावजयीने ओठ मुडपले. "बघा बाई. सांगते मग दुसरीकडे."

भावाच्या दिवाणखान्यात एका भिंतीवर बावीस छायाचित्रे होती. वाढदिवस, नव्या घराचा प्रवेश, भाचरांच्या परीक्षांतील यश. प्रत्येकाच्या मध्यभागी तिच्या हातचा केक अधिष्ठित होता. ती स्वतः एकाही चित्रात नव्हती, कारण नेमकी त्या क्षणी ती स्वयंपाकघरात बशा मांडीत असे. एका चित्रात मात्र दाराच्या चौकटीपाशी कोणाचे तरी कोपर दिसे. ते आपले आहे, हे तिने कधी कोणाला सांगितले नव्हते.

वाढदिवसाच्या दिवशी तिने दुकान दुपारीच बंद केले. नखांतले पीठ निगुतीने काढले, ठेवणीतली साडी नेसली आणि भावाच्या घराच्या मागच्या दाराकडे वळू पाहणारी पावले आवरून पुढच्या दाराची घंटा वाजवली. दार उघडणारी भाची तिच्या पाठीमागे काहीतरी शोधू लागली.

"आत्या, खोका कुठाय?"

"खोका नाही. मीच आलेय."

तिला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. येणारा प्रत्येक जण क्षणभर थांबे, "आज केक तुमचा नाही म्हणे?" असे विचारी, आणि तिच्या "नाही"पाशी संभाषण संपून जाई. इतक्या वर्षांत या माणसांशी तिचे दुसरे काही बोलणेच झाले नव्हते, हे तिच्या ध्यानात येऊ लागले. थोरले काका तेवढे शेजारी येऊन टेकले.

"मग आज तू काय करतेस?"

"बसलेय, काका."

"असं होय," काका म्हणाले. बराच वेळ विचार करून ते उठून गेले.

केक आला. त्याचा वरचा थर किंचित कलला होता. आत एक बारीक काडी रोवली असती तर तो सहज सावरला असता. तिची बोटे मांडीवर एकमेकांत गुंतली आणि गुंतूनच राहिली.

छायाचित्रकाराने सर्वांना हाक दिली. ती उठून भावाच्या शेजारी उभी राहिली. ती जागा तिने मनोमन केव्हाच निवडली होती.

"ताई, थोडं सरका. केक झाकला जातोय तुमच्यामागे," छायाचित्रकार म्हणाला.

"सरक ना जरा," भाऊ समोर पाहतच हसून म्हणाला.

ती हलली नाही.

"झाकला तर झाकला."

कळ दाबली गेली.

पंधरवड्याने भावजयीने छायाचित्र दुकानात पाठवले. सोबत चिठ्ठी होती: आमच्या भिंतीवर आता जागा उरली नाही, तुमच्याकडे शोभेल.

तिने ते भट्टीशेजारच्या भिंतीवर टांगले. चष्मा पुसला, आणि देवासमोर उभे राहावे तशी निश्चल त्याच्यासमोर उभी राहिली. केक कुठे दिसत नव्हता. सगळे समोर पाहत होते. एकटा भाऊ तिच्याकडे पाहत होता. घरी एखादी पाहुणी यावी, चेहरा ओळखीचा वाटावा, आणि नाव मात्र काही केल्या आठवू नये, तसा.