दोन्ही चौकटींत तीच तारीख

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. सध्या माझा मुक्काम प्रसूतिरुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर आहे. माझी वायर माझ्याच अंगाभोवती गुंडाळून ठेवली आहे. आज माझ्याकडे पाहून खरं वाटणार नाही, पण एके काळी या खोलीत माझा मोठा मान होता.

कारखान्यात माझी एकेक कळ दाबून पाहिली गेली, मी पास झालो आणि खोक्यात बसून इथे आलो. नाना या खोलीचे प्रमुख. त्यांनी सारा जन्म हाताने नोंदी केलेल्या. "चावत नाही ना गं हा?" असं त्यांनी मला पाहून ताईला विचारलं, तेव्हा ती खळखळून हसली. ताई म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणायची.

दर महिन्याला अहवाल काढायचा असे. किती बाळं जन्मली, किती घरी गेली, किती दगावली. पडद्यावर दोन चौकटी यायच्या: 'या तारखेपासून' आणि 'या तारखेपर्यंत'. ताई पहिलीत महिन्याची पहिली तारीख टाकायची, दुसरीत शेवटची, आणि माझी एंटरची कळ दाबायची. की मधली सगळी बाळं ओळीने पडद्यावर हजर!

"नाना, या महिन्यात जुळीच जुळी आहेत बघा!"

"असतील. पण आपल्याला चहा कुणी पाजला नाही," नाना म्हणायचे.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर ताईला दिवस गेले. पोट टेबलाला लागू लागलं, तसा मी पडद्याकडे सरकत गेलो.

"अगं, हात तरी पोचतात का तुझे?" नानांनी विचारलं.

"पोचवते की. तिलाही पोटातूनच टायपिंग येईल." बाळाला ती आधीपासून 'ती'च म्हणायची.

वरच्याच मजल्यावर ताई बाळंत झाली. मुलगी झाली. सकाळी आली आणि संध्याकाळी गेली. नाना जिन्याने खाली आले, ताईच्या खुर्चीत नुसतेच बसून राहिले, आणि मग त्यांनी माझ्यावर कापड घातलं.

ताई परत कामावर आली तेव्हा तिची रया गेली होती. लोक खोलीत शिरताना आवाज खाली आणत. पंखा दुरुस्त झाला का, अशा गोष्टी विचारत. त्या दिवसाबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. त्यांना वाटे, आपण तिला जपतो आहोत.

त्या महिन्याचा अहवाल तिच्यावाचून अडला होता. तिने महिन्याच्या पहिल्या तारखेपासून त्या दिवसाच्या आदल्या दिवसापर्यंतचा काढला. मग दुसऱ्या दिवसापासून महिनाअखेरपर्यंतचा. दोन्ही कागद टाचून नानांपुढे ठेवले. नानांनी वाचले, चष्मा काढला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मधला एक दिवस राहिलाय गं."

"माहितीय."

"मी काढतो. कुठे दाबायचं तेवढं सांग."

"नको, नाना. तिचं एवढं एकच काम माझ्या हातून व्हायचं राहिलंय."

तिने पहिल्या चौकटीत ती तारीख टाकली. दुसऱ्या चौकटीतही तीच. माझ्या त्याच कळा, त्याच क्रमाने, पुन्हा. एरवी त्या दोन चौकटींमध्ये अख्खा महिना मावायचा. पडद्यावर त्या दिवशी जन्मलेली बाळं आली. एका ओळीत बाळाचं नाव नव्हतं, ताईच्या नावापुढे नुसती 'हिची मुलगी' अशी नोंद होती. मग तिने मृत्यूंचा अहवाल काढला. तारखा त्याच. ओळ एकच.

ताईचे दोन्ही तळवे माझ्यावर कोसळले. पडद्यावर वाटेल ती अक्षरं धावू लागली आणि कॉम्प्युटर टूंटूं करू लागला. नानांनी तिचे हात अलगद उचलून आपल्या हातांत घेतले.

"नाव काय ठेवणार होतीस गं तिचं?"

हे तिला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. घरच्यांनीही नाही. ताईने नाव सांगितलं, आधी ओठांतल्या ओठांत, मग मोठ्याने. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही, ते तिचं आहे. मग ती बोलत सुटली. जावळ किती दाट होतं, मुठीत बोट कसं गच्च धरलं होतं. बोलता बोलता ती धाय मोकलून रडली.

पुढे या खोलीत तिचं मन रमेना. तिने बदली मागून घेतली. जाताना तिने नानांना नमस्कार केला, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मी तिला बोल लावत नाही. माझ्या कळांवर तिला कोणते आकडे दिसत असतील, हे मला ठाऊक आहे. नंतर नाना निवृत्त झाले, माझी एंटरची कळ अडकू लागली, नवा कीबोर्ड आला आणि मी इथे वर आलो.

मित्रांनो, मला खाली काढा, पुसा, असं मी म्हणणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या ओळखीत कुणाचं बाळ असं येऊन लगेच गेलं असेल, तर त्या आईजवळ जाऊन बसा. बाळाचं नाव विचारा. आणि उत्तराची घाई करू नका. तिला वेळ लागेल.