शिट्टीमामांची हिरवळ

बागेच्या माळ्याला शिट्टीमामा हे नाव कुणी ठेवलं, ते आता कुणालाच आठवत नाही. पण ज्याने ठेवलं त्याने अगदी नेमकं ठेवलं होतं. उपनगराच्या मधोमध ती बाग, बागेच्या मधोमध हिरवळ, आणि हिरवळीच्या कडेला गळ्यात शिट्टी अडकवलेले मामा. कुणी गवतात सायकल घातली, फुर्र! कुणी चपला घालून आडवा निघाला, फुर्र! एकदा खुद्द नगराध्यक्ष फोनवर बोलत बोलत गवतावर आले, तर त्यांनाही फुर्र. सव्वीस वर्षं हाच कारभार.

मामांचा स्वभाव तिरसट, पण तो उगाच नव्हता. पूर्वी तिथे लोक घरं पाडल्यावरचा राडारोडा आणून टाकायचे. विटांचे तुकडे, काचा, गंजके खिळे, सगळं मामांनी हाताने वेचलं होतं. दोन वर्षं काही उगवेना. उगवलं तेव्हा माणसाने ते तळहातावरच्या फोडासारखं जपलं. संध्याकाळी पाच ते सात मात्र हिरवळ सगळ्यांना मोकळी, फक्त अनवाणी यायचं. आज्यांचा कंपू बसायचा, अभ्यासाची मुलं पुस्तकं तोंडावर घेऊन झोपायची, आणि उपनगरातल्या निम्म्या लेकरांनी पहिलं पाऊल तिथेच टाकलं असेल. बसत नव्हती ती एक मामांची बायको. बागेतल्याच खोलीत राहायची, पण मामांचा हुकूम होता, "माळ्याचीच बायको पसरून बसली, तर मी लोकांना कुठल्या तोंडाने बोलू?"

तर झालं असं, की बागेचा पुनर्विकास करायचा नगरपालिकेने ठरवलं. आता साहेबलोक पाहणीला येणार म्हणजे हिरवळ कशी मखमलीसारखी दिसायला नको? मामांनी तिच्याभोवती खुंट्या ठोकल्या, दोर ओढला आणि पाटी लावली, 'गवत विश्रांती घेत आहे'. लोक कुरकुरले. "मामा, गवताला रजा आणि आम्हाला सजा का?" मामांनी शिट्टी फुंकून उत्तर दिलं. पाच आठवडे हिरवळ बंद. आज्या फाटकाजवळच्या ओट्यावर गेल्या, मुलं वाचनालयात गेली.

त्याच पाच आठवड्यांत एक मुलगी सात दिवस बाकावर येऊन बसली. मांडीवर फळी, फळीला कागद, कागदावर उभ्या रेघा. नगरपालिकेची माणसं काहीतरी मोजत असतात, ही झाडं मोजत असेल, एवढंच मामांना वाटलं. त्यांनी तिला पाणी दिलं, आणि वर छाती फुगवून सांगितलं, "बघ पोरी, एक माणूस गवतावर पाऊल टाकत नाही. याला म्हणतात शिस्त!" पोरीने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी, दोर अजून तसाच असताना, आराखडा नगरपालिकेच्या दालनात लागला. मामा धुतलेला सदरा घालून बघायला गेले. मोठा रंगीत कागद. कारंजं निळं, झाडं हिरवी, आणि मधोमध, जिथे हिरवळ होती तिथे, राखाडी चौकोन. त्यावर लिहिलं होतं, 'दुमजली वाहनतळ'. खाली बारीक अक्षरांत, 'मध्यवर्ती मोकळी जागा, दैनंदिन वापर शून्य'. मामांनी ते तीनदा वाचलं. मग दोर आठवला, पाटी आठवली, ती फळी आठवली. आपल्याच हाताने आपण पायावर धोंडा पाडून घेतला होता.

सुनावणीला ते गेले. नगररचनेच्या बाई समोर होत्या, समजूतदार, दिवसभर लोकांचं ऐकून दमलेल्या.

"मॅडम, ते शून्य नाही हो. दोर मी बांधला होता. रोज दोनशे माणूस बसतं तिथे."

"मला पटतंय, मामा. पण सात दिवसांची मोजणी नियमाने झालीय. तुमच्या तोंडच्या आकड्यावर मी आराखडा कसा बदलू?"

"मग परत मोजा ना!"

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "एक संध्याकाळ देते. गुरुवारी, पाच ते सात. पन्नास माणसं जरी नोंदली गेली, तरी मी समितीपुढे कागद परत ठेवीन. पण एक. कुणाला सांगायचं नाही, बोलवायचं नाही. जमवून आणलेली माणसं निघाली, तर सगळंच रद्द होईल."

पन्नास! मामा जवळजवळ नाचत घरी आले. पन्नास तर आज्यांच्या नातवंडांतच भरतील. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगावंच लागलं. ती लगेच पदर खोचून निघाली. "थांबा, ओट्यावर एक शब्द टाकून येते."

"खबरदार! मी शब्द दिलाय."

"तुमचा शब्द घाला चुलीत," ती म्हणाली, पण बसली.

गुरुवारी मामांनी दोर सोडला, खुंट्या उपटल्या, पाटी काढली. तीच मुलगी तीच फळी घेऊन बाकावर आली. पाच वाजले. लोक यायला लागले, आणि मामांच्या डोळ्यांदेखत गवताच्या कडेकडेने, पायवाटेवरून, वळसा घालून जायला लागले. एक गृहस्थ थबकले. दोर नाही हे त्यांनी पाहिलं, मग मामांकडे पाहिलं, आणि निमूट वळसा घेतला. आज्यांना आता ओटाच बरा वाटत होता. एक लहानगी आईचा हात सोडवून गवताकडे धावली, तर आईने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"अगं नको! मामा ओरडतील."

मामांच्या ओठांवर आलं होतं, जाऊ दे गं तिला. पण बोलायचं नाही म्हणजे नाही. आपण इथे बसलोय म्हणूनच लोक भितात, हे उमगलं तेव्हा ते उठून अवजारांच्या खोलीत गेले आणि दाराच्या फटीतून बघत राहिले. तरी तेच. दोन तरुण अगदी काठाशी आले, एकाने चप्पलही काढली. दुसरा हसून म्हणाला, "वेडा झालास का? म्हातारा लपून बघत असेल. शिट्टी वाजली की सगळ्या बागेत शोभा होईल." चप्पल परत पायात गेली. मामांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात कोंबली, जणू ती आपली आपण वाजेल. सहा वाजून गेले. रडू यावं इतका राग आला त्यांना, आणि तो राग काढायला दुसरं कुणी नव्हतं. गवताचं एकेक पातं आपण ओळखतो, आणि बसणाऱ्या माणसांनी आपल्याकडून फक्त भीती घेतली.

पावणेसातला त्यांची बायको खोलीतून बाहेर आली. हातात मटारच्या शेंगांचं ताट. कडेला तिने चपला काढल्या, सरळ हिरवळीच्या मध्यावर गेली आणि मांडी घालून शेंगा सोलायला बसली. कुणी बोलावलं नव्हतं तिला. मुलीने कागदावर एक रेघ ओढली.

लोकांनी पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "त्यांना काय, त्या मामांच्या घरच्याच," आणि पुढे गेलं.

मामांना राहवेना. ते बाहेर आले, सवयीने काठाशी वहाणा काढल्या आणि जाऊन बायकोशेजारी बसले. सात वाजायला दोन मिनिटं होती. त्यांनी बाकाकडे पाहून दोन बोटं वर केली.

मुलगी फळी घेऊन काठापर्यंत आली. पुढे पाऊल टाकावं की नाही, याचा तिलाही प्रश्न पडला असावा. तिचा चेहरा पडला होता.

"मामा, कर्मचारी धरत नाहीत."

"मग?"

"एकच लिहिते." तिने वाकून फळी पुढे केली. "इथे सही लागेल. हजर होतात म्हणून."

मामांनी सही केली. ती गेली. वाहनतळाच्या राखाडी चौकोनात दोघंच बसून राहिली.

"मऊ आहे हो," बायको म्हणाली. तिने ताट त्यांच्याकडे सरकवलं. "सोला आता. उठायची घाई नाही."