ऐनाच्या दोन तुळया

कोलशेतच्या राघो वखारवाल्यांची एक सवय गावात सगळ्यांना ठाऊक होती. आऱ्यावरून लाकूड उतरलं की ते चहालासुद्धा थांबत नसत. आधी स्टोव्ह पेटवायचा, मेण वितळवायचं, त्यात मूठभर काजळी घालायची आणि लाकडाच्या दोन्ही टोकांना कुंचल्याने जाड थर द्यायचा. टोकांना ते तोंडं म्हणत. ओलं लाकूड तोंडांकडून भराभर सुकतं, पोटात ओलंच राहतं, आणि त्या ओढाताणीत ते टाचेसारखं उलतं, एवढंच त्यांचं शास्त्र होतं. चिरल्या दिवशी तोंडं बंद केली नाहीत तर दुसऱ्या दिवशी केलेलं निव्वळ रंगकाम, असं ते गिऱ्हाइकाला सांगत.

कल्पिता त्यांची एकुलती एक मुलगी. डोंबिवलीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची, ठाकुर्लीला भाड्याच्या खोलीत राहायची, लग्न केलेलं नव्हतं. लाकडाचा तिला नाद नव्हता, पण मेणाचा तो वास नाकात लहानपणापासून बसलेला होता.

त्या वर्षी फाल्गुनाच्या शेवटी वखारीत ऐनाचा एक जाडजूड ओंडका आला. भिवा कारागिराने आऱ्यावर त्याच्या दोन तुळया काढल्या. एक गावदेवीच्या नव्या घंटेसाठी. दुसरी गोपीनाथशेठच्या नव्या बंगल्यातल्या झोपाळ्यासाठी. गोपीनाथशेठ देवळाच्या कमिटीचे प्रमुख. त्यांच्या मिठागरांवर आता टॉवर उभे होते आणि ओंडक्याचे पैसेही त्यांनीच दिलेले. बंगल्यावर गवंडी खोळंबले होते, म्हणून झोपाळ्याची तुळई आऱ्यावरून उतरली तशी ट्रॅक्टरवर चढली. तोंडं भिंतीतच जाणार आहेत, तिथे तुझं मेण कोण बघतंय, असं म्हणून शेठनी राघोंच्या पाठीवर थाप मारली. देवीच्या तुळईसाठी राघोंनी स्टोव्ह पेटवला, तर तोही शेठनी विझवायला लावला. देवीच्या लाकडाला काजळी लावतात का? शेंदूर लागेल, आणि तो मंगळवारी, देवीच्या वारी. तो दिवस बुधवार होता. बाहेर अंग भाजून काढणारं कोरडं वारं सुटलेलं. राघोंनी वाद घातला, मग देवीचं नाव आलं म्हणून गप्प बसले आणि तुळईवर ओलं गोणपाट टाकून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली.

ठाण्याच्या दवाखान्यात नाकातोंडात नळ्या असताना त्यांनी मुलीला एकच गोष्ट विचारली. "तोंडं बंद केली का गो?"

"केली बाबा," कल्पिता म्हणाली. माणसाला शांत झोप लागावी म्हणून जे म्हणतात ते ती म्हणाली.

शनिवारी ती कपडे न्यायला घरी आली आणि वखारीत डोकावली. गोणपाट कधीच वाळून बाजूला उडालं होतं. तुळईच्या डाव्या तोंडावर बरोबर मधोमध एक चीर होती, कावळ्याच्या पायासारखी, तीन बोटं फाकलेली. तिने केसातली पिन काढून सरळ केली आणि आत घातली. पूर्ण गेली. तिने कोपऱ्यातली छत्रीची तुटकी काडी घेतली. तीही जात राहिली, मूठ लाकडाला टेकेपर्यंत. ती काडी बाहेर काढत असतानाच लाकडाच्या पोटातून आवाज आला. टक्क. कुणी बोट मोडावं तसा. भर दुपारी, माणूस नसलेल्या वखारीत.

रविवारी बाबा गेले. अग्नी कल्पितानेच दिला.

मंगळवारी देवळाची माणसं वाजतगाजत वखारीत आली, तेलात कालवलेला शेंदूर तुळईच्या तोंडांवर बोटभर जाड थापून गेली. घरात सुतक, त्यामुळे मायलेकी खिडकीतूनच पाहत राहिल्या. चिरा बुजल्या. तोंडं इतकी गुळगुळीत, लालकेशरी दिसू लागली की बायजाने, कल्पिताच्या आईने, खिडकीतूनच हात जोडले. शुक्रवारी तुळई देवळात चढणार होती आणि तिला मणाची घंटा लटकणार होती. घंटेखाली उभं राहून पोरं उड्या मारमारून टोल देणार होती.

कल्पिताने शेठना फोन केला. एका तोंडावरचा शेंदूर खरवडून बघा, एवढंच मागितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. राघोच्या हातचं लाकूड गावात पन्नास घरांत आहे, एक तरी उललंय का, असं उलट तिलाच विचारलं. बाप गेल्यावर माणसाला असं वाईटसाईट दिसतंच, असंही म्हणाले. मग आवाज जरा खाली आणला. "शेंदूर चढला की ती देवीची झाली, बाय. तिला आता पातं लावायचं नाय. तू कॉलेजात पोरांना मार्क दे, लाकडाला देऊ नको."

भिवाने तिचं ऐकून मान डोलावली, पण शेंदरावर पटाशी चालवायला तो तयार झाला नाही. त्याला बायको होती, दोन पोरं होती, आणि देवी नवसाची होती. बायजाने तर मुलीकडे पाठच फिरवली. माणूस जाऊन आठवडा झाला नाही आणि तू त्याच्या शेवटच्या कामाला नाव ठेवतेस, एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शुक्रवारी सकाळी देवळासमोर तुळई दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती. वर चेनपुल्ली बांधलेली. खाली पोत्यावर नवी घंटा चकाकत होती आणि पोरं तिच्यात आपली वाकडी तोंडं बघत होती. बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या. कल्पिता घरातून निघाली तेव्हा केसांना तेल नव्हतं, बापाला अग्नी दिला त्या दिवसापासूनचा साधा सुती ड्रेसच अंगावर होता. रस्त्यात कुणी तिला हटकलं नाही. उलट लोक बाजूला झाले, आरत्यांची ताटं छातीशी धरून, तिचा स्पर्श होऊ नये म्हणून. आदल्या दिवसापर्यंत तिने फक्त बोलून बघितलं होतं. ती रिकामी होत गेलेली वाट पाहिली तेव्हा तिला कळलं की बोलायची गरजच नव्हती.

ती सरळ तुळईपाशी गेली आणि डाव्या तोंडावर दोन्ही तळवे टेकवले. नुसते टेकवले नाहीत, दाबून धरले.

ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला. एका म्हातारीने "आयव" म्हणून डोळे मिटले. पुजाऱ्याने हातातलं पाणी तिथेच सोडून दिलं. सुतकातल्या माणसाने, तेही अग्नी दिलेल्याने, शिवलेलं लाकूड देवीच्या डोक्यावर चढत नाही, हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही.

"काय केलंस गो हे?" गोपीनाथशेठ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला.

तिने तळवे उचलले. ते केशरी झाले होते. "खाली माणसं उभी राहणार होती, काका."

दुपारी टेम्पोने तुळई वखारीच्या दारात आणून टाकली, टाकाऊ फळकूट टाकावं तशी. घंटा देवळातल्या जुन्या लोखंडी दांड्यावर चढली. बायजा जेवली नाही. राघोंचं नाव देवळातल्या फरशीवर कोरायचं ठरलं होतं, ते आता कोरलं जाणार नाही, हे तिला कुणीतरी मुद्दाम येऊन ऐकवून गेलं होतं.

आता ती देवीची नव्हती, म्हणून भिवाने पटाशी घेतली. शेंदूर सालीसारखा निघाला. चीर अंगठा जाईल एवढी रुंदावली होती. तुळईच्या कडेने मागोवा घेत भिवा उकिडवा सरकत गेला, तो जवळजवळ मध्यापर्यंत, आणि तिथे बसूनच राहिला. मग कल्पिताकडे न बघता म्हणाला, "ताई, दुसरीपण ह्याच ओंडक्याची हाय."

तिने फोटो काढले, शेठना पाठवले. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. फोन केला, उचलला नाही. तेव्हा ती बंगल्यावर गेली.

शेठ ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. फाटक उघडून आत आली नाही, हे तिने बरं केलं, असं त्यांनी आधी सांगितलं. फोटो पाहिले म्हणाले. देवळातून गेल्यावर तुम्ही त्या लाकडाला काय काय केलंत, ते मी कसं सांगू? ज्या बाईने डोळ्यांदेखत देवीचं काम बाटवलं, तिचा फोटो मी खरा मानायचा का?

कल्पिता म्हणाली, माझं खरं मानू नका, पण भिंतीतलं एक तोंड उघडून बघा. गिलावा पुन्हा होईल.

"नवी भिंत फोडू? तुझ्या सांगण्यावरून?" ते थकून हसले. "आणि इथेही हात लावायचा विचार असला तर फुकट जाईल गो. हे देऊळ नाय. गोमूत्र शिंपडलं की घर मोकळं."

त्यांच्या मागे बैठकीचं दार सताड उघडं होतं. आत त्यांची नात कृतिका झोपाळ्यावर उभी राहून झोके घेत होती. पितळी कड्या एका लयीत कुरकुरत होत्या. झोका वर गेला की पोरीचे पाय दारात दिसत, मागे गेला की दिसेनासे होत. वर तुळई पॉलिश केलेली, तजेलदार. दोन्ही टोकं पांढऱ्याशुभ्र भिंतीत गाडलेली.

"कृतिका," कल्पिताने फाटकाबाहेरून हाक मारली. "खाली उतर बाळा. इकडे ये."

झोका मंदावला. पोरगी खाली उतरली, दारापर्यंत आली. कल्पिताला ती ओळखत होती. वखारीतला भुसा खेळायला न्यायला ती नेहमी यायची. ओट्याची पायरी उतरायला तिने एक पाय पुढे टाकला आणि सवयीने आजोबांकडे बघितलं.

"तिच्याजवळ नको जाऊ," शेठ म्हणाले. "अंघोळ झालीय ना तुझी? तिला सुतक हाय. जा, खेळ आत."

कृतिकाने पाय मागे घेतला. कल्पिताकडे जरा घाबरून पाहिलं आणि पळत आत गेली. कड्या पुन्हा कुरकुरायला लागल्या, आधी हळू, मग जोरात. ऊन बंगल्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर आलं होतं. कल्पिता फाटकाला धरून उभी राहिली आणि त्या कुरकुरीच्या मधल्या मधल्या जागांत वखारीतला तो टक्क आवाज येतो का, ते कान देऊन ऐकत राहिली.